नंदी मान हलवत नाही

दूरनियोजन विभागाच्या बैठकीत कोणी 'नाही' म्हटल्याचं कुणाच्याच ऐकिवात नव्हतं. 'बघतो साहेब' म्हणत, 'तपासून सादर करतो' म्हणत, 'होऊन जाईल' म्हणत. फारच अडचण आली तर 'सकारात्मक विचार चालू आहे' म्हणत. पण 'नाही' हा शब्द चपलेसारखा दाराबाहेर काढून यायचा, अशी मंत्रालयात रीतच पडून गेली होती. त्यामुळे राज्याची पुढच्या दहा वर्षांची 'दशकवेध' योजना तयार होता होता तिच्यात एकशेबारा प्रकल्प गोळा झाले. एकशेबाराच्या एकशेबारा प्रकल्पांना सगळ्यांचा होकार होता.

सहसचिव शर्वरी खांडेभराडला हा होकारच खुपत होता. मागच्या दोन्ही योजना तिनेच लिहिल्या होत्या. सुंदर छापल्या गेल्या, टाळ्या पडल्या आणि मग बोलाचीच कढी, बोलाचाच भात. ही तिसरी योजना तरी जमिनीवर उतरावी असं तिला मनापासून वाटत होतं. आणि खरं सांगायचं तर त्यात तिचा स्वतःचाही जीव अडकला होता. विभागाचे सचिव जूनमध्ये निवृत्त होत होते, आणि 'दशकवेध' मंत्रिमंडळात पार पडली की त्या खुर्चीवर शर्वरी बसणार, हे शिपायापासून मंत्र्यापर्यंत सगळ्यांनी गृहीत धरलं होतं.

म्हणून तिने डॉ. नीलोफर मुजावरला बोलावलं. नीलोफर मिरजेची. तिच्या घरात पिढ्यान् पिढ्या तंबोरे जुळवले जात. ही मात्र आवाजाचं विज्ञान शिकली आणि तंबोऱ्याऐवजी माणसांचे गळे ऐकू लागली. डब्याएवढी एक करडी पेटी तिने बैठकीच्या टेबलावर ठेवली. पेटीवर छोटा पडदा होता, बाकी काही नाही.

"हिला काय कळतं?" शर्वरीने विचारलं.

"माणूस 'करतो' म्हणाला तर तो खरंच करणार आहे का, तेवढंच कळतंय, मॅडम."

नीलोफरने समजावून सांगितलं ते असं. माणूस खरोखर काही करायचं ठरवतो तेव्हा त्याचा मेंदू वाक्य संपायची वाट बघत नाही. 'उद्या सकाळी धरणावर जातो' असं मनापासून म्हणणाऱ्याच्या डोक्यात उद्याची सकाळ आधीच थोडी सुरू झालेली असते. गाडी कोणती, सोबत कोण, बूट कुठे आहेत, ही जुळवाजुळव मेंदू न सांगता करू लागतो आणि शरीराला तयारीला लावतो. तो ताण श्वासात उतरतो, कंठाच्या स्नायूंत उतरतो. आवाजात एक बारीक फरक पडतो, आपल्या कानाला न कळणारा. नुसता विषय मिटवायला 'हो' म्हणणाऱ्याचा श्वास मात्र शब्दाबरोबरच संपतो. पुढे त्याला काही करायचंच नसतं, मग श्वास शिल्लक कशाला ठेवील?

आढावा बैठकांची पंधरा वर्षांची ध्वनिमुद्रणं या पेटीला ऐकवली होती. कोण काय म्हणालं आणि पुढे प्रत्यक्षात काय झालं, हे दोन्ही शेजारी ठेवून ती शिकली होती. आता कोणतंही आश्वासन ऐकलं की ती शंभरापैकी आकडा देई.

"म्हणजे खोटं पकडणारं यंत्र," शर्वरी म्हणाली.

"छे हो! खोटं बोलणाऱ्याच्या मनात काहीतरी शिजत असतंय की. ह्या लोकांच्या मनात तेवढंही नसतंय."

कागदोपत्री पेटीचं नाव 'संकल्पमापक'. पण विभागात दोन दिवसांत तिचा 'नंदी' झाला. दारोदार फिरणारा नंदीबैल मालकाने काहीही विचारलं तरी 'गुबुगुबु' मान हलवतो. हा नंदी मान हलवत नव्हता, एवढाच काय तो फरक. मान हलवायला भोवती अधिकारी बसलेलेच होते.

'दशकवेध'च्या बैठकीत नंदीने सगळ्यांचे होकार ऐकले. त्याचा पहिला निकाल आला तेव्हा शर्वरीने कपाळाला हात लावला. सगळ्यांत भरवशाचा माणूस म्हणून नंदीने मुख्य अभियंता पेडणेकरांना निवडलं होतं. शंभरात शहाण्णव! पेडणेकर माणूस गोड, पण त्यांनी वेळेवर पूर्ण केलेली एकच गोष्ट लोकांना माहीत होती, ती म्हणजे जेवणाची सुट्टी.

नीलोफरने पुन्हा पुन्हा ऐकलं. मग ती एकटीच मोठ्याने हसत सुटली.

"मॅडम, हे बैठकीतनं सगळ्यांच्या आधी उठतात की नाही? उठताना दरवेळी काय म्हणतात?"

"काय म्हणणार? 'येतो साहेब' म्हणतात."

"तेच! नंदीचा गाभा घडवलाय परदेशात. त्याला काय ठाऊक, आपल्यात जाणारा माणूस 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो? त्याला वाटलं, माणूस येण्याचं वचन देतोय. आणि पेडणेकर सायबांचं घरी जायचं मन इतकं पक्कं असतंय की श्वासात पुरं उतरतंय."

आपल्याकडे 'जातो' म्हणणं अशुभ. उंबऱ्यावर कोणी चुकून म्हणालंच तर घरातली बाई लगेच 'येतो म्हणावं' असं दटावते. त्या एका सौजन्याने अब्जावधी हिशेब करणाऱ्या यंत्राला तोंडघशी पाडलं होतं. नीलोफरने मग सगळ्या मुद्रणांतले 'येतो' आणि 'येते' स्वतःच्या कानाने ऐकून वेगळे केले. निरोपाचे बाजूला काढले, वचनाचे ठेवले. नंदीला फरक शिकवला.

दुसरा निकाल तिने शर्वरीच्या खोलीत आणून दिला, आणि तो देताना ती उगाचच खिडकीबाहेर बघू लागली.

एकशेबारापैकी नऊ प्रकल्पांमागचा होकार खरा होता. फक्त नऊ. बाकीचे नंदीच्या मते कधीच होणार नव्हते. शर्वरीला धक्का बसला नाही. आपल्याला इतकी वर्षं वाटत होतं ते आज कोणीतरी मोजून दाखवलं, याचं तिला समाधानच वाटलं. यादी वाचत ती तळाशी आली आणि थबकली.

"प्रकल्प तर एकशेबारा आहेत. हा एकशेतेरावा कुठला?"

"ते... नंदीनंच काढलंय, मॅडम. मी पुसणार होते. पण म्हटलं, तुम्हाला न विचारता पुसू नये."

शेवटच्या ओळीत लिहिलं होतं: 'मिक्सर घेऊन येणे. जबाबदारी: श्रीमती खांडेभराड. शक्यता: चार.'

शर्वरीचा नवरा विश्वंभर जालन्याला बियाणांच्या एका कंपनीत संशोधक होता. बारा वर्षं त्यांचा संसार दोन गावांत चालला होता. लग्नात मिळालेला मिक्सर मुंबईच्या सरकारी घरात होता, आणि विश्वंभर जालन्याला खलबत्त्यात शेंगदाण्याची चटणी कुटत असे. मिक्सर दोघांमधला जुना विनोद होता. त्याला नवा मिक्सर घेता आला नसता असं नाही. पण तो मुद्दाम घेत नव्हता. प्रत्येक फोनच्या शेवटी तो विचारी, "मिक्सर कधी आणतेस?" आणि त्याला खरं काय विचारायचं असे ते दोघांनाही माहीत होतं. नंदीने होकार ऐकले त्या दिवशी, बैठक सुरू व्हायच्या आधी, टेबलाशी बसूनच, तिने फोनवर म्हटलं होतं, "हो रे, पुढच्या खेपेला मिक्सर घेऊन येते. नक्की!" नंदी तेव्हा चालू होता.

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. शर्वरीला इतकी लाज वाटली की तिने तो कागद उलटा करून ठेवला.

"माझ्या मनात नाही असं नाही ग," ती शेवटी म्हणाली. "घाईत होते."

"मग परत म्हणून बघा की," नीलोफर म्हणाली, आणि आपण फार बोललो असं वाटून तिने जीभ चावली.

पण शर्वरीने दार लोटून घेतलं. नंदीकडे तोंड करून, शाळेत कविता म्हणावी तशी ती म्हणाली, "मी जालन्याला राहायला येते." पडद्यावर सात. तिने घसा साफ केला. "मी जालन्याला नक्की येते!" पाच.

"नक्की म्हटलं की कमीच होतंय," नीलोफर हळूच म्हणाली. "सगळ्यांचंच होतंय."

"बरं. मग हे ऐकू दे त्याला." शर्वरीचा आवाज चढला. "मी जालन्याला येणार नाही. कधीच नाही!"

पडद्यावर नऊ.

दोघीही पडद्याकडे बघत राहिल्या. शर्वरीला वाटलं होतं, निदान नकार तरी खरा निघेल. निघाला असता तर एक वेळ बरं झालं असतं.

"मॅडम, रागावू नका. पण तुमचं हो पण नाही आणि नाही पण नाही. तुम्ही अजून ठरवलेलंच नाही."

बारा वर्षं! शर्वरी खुर्चीत बसली. समोर एकशेबारा प्रकल्पांची योजना पडली होती आणि तिला पहिल्यांदाच त्या अधिकाऱ्यांचा राग येईनासा झाला. ते खोटं बोलत नव्हते. त्यांनाही कोणी ठरवायला लावलं नव्हतं. 'नाही' म्हणायची सोयच नसेल तर माणूस ठरवणार तरी कसा? तो आपला मान हलवतो आणि विषय पुढच्या खेपेवर टाकतो.

तिथेच तिला सुचलं काय करायचं ते.

नियोजनमंत्री भगवंतराव सोनटक्के बार्शीकडचे. त्यांनी निकाल वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"नऊ? मॅडम, मी एकशेबाराचं नारळ फोडायची तारीख काढायला बसलोय, अन् तुम्ही मला नऊ सांगताय! ही पेटी कुठं ठिवलीय? आधी तिला कुलपात घाला."

"घालते साहेब. पण मग दहा वर्षांनी हाच कागद दुसरं कोणीतरी तुमच्या नावावर वाचेल."

मंत्र्यांनी कागद खाली ठेवला. मग त्यांच्या डोळ्यांत वेगळीच चमक आली. "का हो, ही पेटी मंत्रिमंडळाच्या बैठकीत न्हेली तर? कोण कुणाच्या बाजूनं हाय, सगळं कळंल की!"

"तुमचाही आकडा सगळ्यांना कळेल."

"माझा बी मोजलाय हिनं?"

"बेचाळीस."

"बेचाळीस!" सोनटक्के खूष झाले. "मला वाटलं, पाच-सा असंल. घरात कुणी इतका बी भरवसा ठेवत न्हाई." ते हसले, आणि हसता हसता खरोखर विचारात पडले. "बरं, मग करायचं काय?"

"परत बैठक घ्यायची. पण यावेळी 'करतो' म्हणायचं नाही. प्रत्येकाने आपण काय करणार नाही ते आधी सांगायचं. त्याबद्दल कोणालाही जाब विचारला जाणार नाही, एवढा शब्द तुम्ही द्यायचा. योजना म्हणजे काय काय करायचं याची यादी, असं आपण समजत आलो. खरं तर काय सोडायचं ते ठरवणं म्हणजे योजना."

"अन् मी शब्द दिला तर पेटी तो मोजणार."

"हो. सगळ्यांसमोर."

सोनटक्क्यांनी बराच वेळ सुपारी चघळली. "घ्या मग बैठक," ते म्हणाले.

ती बैठक विभागात पुढे 'नकाराची बैठक' म्हणूनच ओळखली जाऊ लागली. मंत्र्यांनी सुरुवातीला शब्द दिला. नंदीने एक्क्याऐंशी दाखवले आणि खोलीत कुजबुज झाली. तरी पहिलं कोण बोलणार? अळीमिळी गुपचिळी. सगळे समोरच्या बिस्किटांच्या बशीकडे बघत होते.

शेवटी पेडणेकर उठले. बैठकीतून एकदा उठल्यावर परत बसायची त्यांना सवय नव्हती, म्हणून ते उभे राहूनच बोलले.

"साहेब, खाडीवरचा तो मोठा पूल. माझ्याच्यानं होणार नाही. माणसं नाहीत, आणि गेली चार वर्षं मी 'होऊन जाईल' म्हणतोय. नाही होणार."

पडद्यावर चौऱ्याण्णव.

टेबलाच्या टोकाला कोणीतरी टाळी वाजवली. आणि बांध फुटावा तसे नकार सुटले. शाळांना उडते रोबो नकोत. तिसरा विमानतळ नको. एका प्रकल्पाला तर सहा विभागांनी होकार दिला होता आणि तो नेमका कशाचा आहे हे सहांपैकी एकालाही सांगता येईना. लोक हसत होते, घाम पुसत होते, एकमेकांचे नकार उचलून धरत होते. पेडणेकरांचा चेहरा तर दुखरा दात काढून आल्यासारखा मोकळा झाला होता.

दुपार उलटेपर्यंत एकशेबाराचे तेवीस उरले. मग नीलोफरने सांगितल्याप्रमाणे त्या तेवीसांबद्दल पुन्हा विचारलं गेलं, आणि तेच अधिकारी, तेच गळे, पण आकडे सत्तरच्या खाली येईनात. ज्याला नाही म्हणता येतं त्याच्या होकाराला वजन येतं, हे तिथे बसलेल्या प्रत्येकाने स्वतःच्या तोंडून ऐकलं. शर्वरीचा ऊर भरून आला. वीस वर्षांच्या नोकरीत तिने योजना पुष्कळ लिहिल्या होत्या. योजना होताना ती आज बघत होती.

तेवीसांतला एक प्रकल्प सगळ्यांना हवा होता, पण त्याला प्रमुख मिळत नव्हता, तो म्हणजे 'पाझर'. मराठवाड्यातल्या बेसॉल्टच्या काळ्या खडकातल्या भेगांमध्ये पावसाचं पाणी उतरवून जमिनीच्या पोटात साठवायचं. विज्ञान पक्कं होतं, पैसा होता. पण गावोगाव फिरून भेगा शोधणं, लोकांना समजावणं, विहिरी मोजणं हे सगळं करायला प्रमुखाने दहा वर्षं तिथेच, जालन्याला, मुक्काम ठोकायचा होता. आणि मंत्रालय सोडून गेलेल्या अधिकाऱ्याला मंत्रालय विसरतं, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. प्रत्येकाने प्रामाणिक 'नाही' म्हटलं. आता नाही म्हणायला कोणी घाबरत नव्हतं, ही त्यातली पंचाईत.

सोनटक्के यादीवरून बोट फिरवत थांबले. "मॅडम, सगळ्यांनी कायतरी सोडलं. तुम्ही न्हाई सोडलं काही."

विचारलं ते सहज. पण शर्वरीच्या डोळ्यांसमोर सचिवांची खोली उभी राहिली, समुद्राकडच्या खिडकीसकट. तिला ती खोली हवी होती. मनापासून हवी होती. मग तिला खलबत्त्याचा आवाज आठवला. विश्वंभर फोन कानाशी धरून कुटत बसे, मधेच थांबे, 'हं, बोल' म्हणे. आणि पाझरचा आराखडा तिने स्वतः आखला होता. त्या भेगांचे नकाशे तिला तोंडपाठ होते. दोन्ही बाजूंना ओढणारं मन तिने बारा वर्षं तसंच ताणून ठेवलं होतं.

"नीलोफर," ती म्हणाली, "पेटी बंद कर."

"मॅडम?"

"कर बंद. हे मला माझ्या कानाने ऐकायचंय."

पडदा काळा झाला. शर्वरी उभी राहिली.

"साहेब, मी सचिवपद सोडते. म्हणजे अजून मिळालेलं नाही, पण त्यावरचा हक्क सोडते. पाझर मला द्या. मी जालन्याला जाते."

 श्वास शब्दाबरोबर संपला नव्हता, तिला स्वतःला कळत होतं. तिच्या डोक्यात आधीच खोकी भरायला सुरुवात झाली होती.

"बेचाळीसवाल्या माणसानं काय बोलावं आता?" सोनटक्के म्हणाले. त्यांनी यादीत पाझरपुढे तिचं नाव लिहिलं. "दिलं."

मंत्रिमंडळाने तेवीस प्रकल्पांची 'दशकवेध' मंजूर केली. विरोधकांनी 'कापून टाकलेली योजना' म्हणून थट्टा केली, ती तेवढी चाललीच. पण महिनाभरात तीन जिल्ह्यांनी नंदी मागवला, आणि मंत्रालयाच्या उपाहारगृहात 'चहा येतोय' असं ओरडणाऱ्या पोऱ्याला लोक 'किती टक्के?' म्हणून विचारू लागले. नीलोफरची आई तर म्हणे, तिच्याशी फोनवर जपूनच बोलत होती.

शेवटच्या दिवशी शर्वरी बैठकीच्या खोलीत सगळ्यांचा निरोप घ्यायला आली. नंदी आपल्या जागी होता.

"जाते," ती म्हणाली.

"अहो, जाते काय म्हणता!" पेडणेकर कळवळून म्हणाले. "येते म्हणा मॅडम. असं म्हणू नये."

"नको हो. ते फार वेळा म्हणून झालं," ती म्हणाली आणि हसत बाहेर पडली.

जालन्याला ती न कळवता पोचली, सकाळच्या उन्हात. विश्वंभरने दार उघडलं. त्याच्या हाताला शेंगदाण्याचा कूट लागला होता. तिला पाहून तो हसला, पण जपूनच. आजवर किती वेळा ती अशीच आली होती, एक पिशवी घेऊन, दोन दिवसांसाठी.

"आलीस? कळवायचं नाही का? परत कधी जायलीस?"

 बोलून बोलून त्या शब्दांचं काय झालं होतं ते तिला माहीत होतं. तिने बाजूला होऊन मागे उभ्या टेम्पोकडे हात केला. विश्वंभरची नजर खोक्यांवरून फिरली, पुस्तकं, गाद्या, कपाट. मग सगळ्यांत पुढे, चालकाच्या शेजारी, जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेल्या बोचक्यावर ती थांबली. साडीतून वायर बाहेर लोंबत होती.

तो पायऱ्या उतरून गेला. साडीची गाठ सोडून त्याने आत पाहिलं आणि बराच वेळ तसाच उभा राहिला. त्याचे खांदे हलत होते. तो हसतोय की रडतोय हे शर्वरीला पाठीमागून कळेना, म्हणून ती जवळ गेली.

"झाकण कुठंय ह्याचं?" त्याने विचारलं. डोळे पुसायला हात वर केला तेव्हा कूट गालाला लागला.

"माझ्या पिशवीत," ती म्हणाली. "फुटेल म्हणून हातात आणलं."